मधून उठलेला माणूस

दोन माणसांच्या मधे तिसरा बसला की कामाची वाट लागते, असं ठामपणे मानणारा आणि स्वतः जन्मभर असा तिसराच होऊन फिरणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच असेल. तो दर मंगळवारी कांजूरमार्गच्या आमच्या लिफ्ट बंद असलेल्या इमारतीचे जिने चढून माझ्याकडे यायचा. आम्ही त्यांना तोरणवाले म्हणायचो. दाराला लावायची कापडी तोरणं ते घराघरांतून करून घेत. घाटकोपरची एक बाई कापडाची आंब्याची पानं शिवायची, ती पानं माझ्याकडे यायची, मी त्यांच्यात मणी नि घुंगरं ओवायची, मग मुलुंडची एक मावशी ती तोरणं पुठ्ठ्यावर बसवून पिशवीत बंद करायची आणि तिथल्याच बाजारातला एक दुकानदार ती विकायचा. या सगळ्यांमधून माल, निरोप आणि तक्रारी घेऊन फिरणारे तोरणवाले एकटेच. ते मूळचे कोकणातले, पूर्वी भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरला होते. कारखाना बंद पडला, पण त्यांच्या डोक्यातलं स्टोअर काही बंद पडलं नाही. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, कामं राहत. मी ‘मणी’, घाटकोपरची ती ‘पानं’ आणि मुलुंडची मावशी ‘पॅकिंग’. “मणी, पानांचा ताप उतरला हां,” असं ते जिन्यातूनच मोठ्याने सांगत यायचे. शेजारीण दारातून डोकावून मला विचारायची, “काय गं, हे येडं कुठून धरून आणलंस?”

त्यांच्या खिशात शिंप्याची टेप असायची आणि दिसेल ते दार ते मापायचे. दुकानदाराने एकदा सांगितलं होतं की नव्या इमारतींची दारं अरुंद, आपली तोरणं लांब, गिऱ्हाईक घरी नेतं आणि कडेची पानं भिंतीवर लोंबतात. झालं. तेव्हापासून बँकेचं दार, दवाखान्याचं दार, लग्नाच्या हॉलचं दार, काही सुटलं नाही. नात्यातले एक म्हातारे गेले तेव्हा हे भेटायला गेले. प्रेत अजून घरातच होतं. यांनी दारात रडत उभ्या असलेल्या सुनेला जरा बाजूला व्हायला सांगितलं आणि चौकटीला टेप लावली. सुनेला वाटलं, तिरडी निघेल की नाही ते बघताहेत. ती डोळे पुसत म्हणाली, “निघेल हो काका. फ्रीज नाही का आत आला.” हा किस्सा त्यांनी मला न हसता सांगितला आणि शेवटी म्हणाले, “तेव्हा मणी, पुढल्या खेपेपासून दोन्ही बाजूचं एकेक पान कमी.”

मी कुणाच्या घरी जाऊन बोलणारी बाई नव्हे. भाजीवाल्याने सुटे पैसे कमी दिले तरी मी तशीच घरी येते. पण तोरणवाल्यांनी एकदा मला उठवून घाटकोपरला नेलंच. पानंवाली बाई बुलढाण्याकडची, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली शिवणाचं मशीन. मला बघताच म्हणाली, “तुम्हीच का त्या मणीवाल्या? माझी पानं फाडून ठेवता त्या?” मी कसंबसं म्हटलं, “टोकाशी कापड एकपदरी असतं. सुई ओढली की फाटतं.” तिने मशीनवरचा हात काढला. “मग सांगायचं ना बाई. किती दिवस यांना विचारतेय, हे म्हणतात मणी काही बोलतच नाही.” तिथल्या तिथे तिने टोक दुमडून शिवून दाखवलं. तोरणवाले या सगळ्या वेळात भिंतीला टेकून पोहे खात होते. बाहेर पडल्यावर म्हणाले, “बघितलंस? मी मधे तोंड घातलं नाय, तर झटकन झालं.” परतताना मी खूप बोलले. का ते मलाही कळलं नाही.

मिस्टर गेल्यापासून माझ्या घरात येऊन टेकणारं माणूस ते एकच. सोमवारी संध्याकाळी मी खारी आणून ठेवायची आणि मंगळवारी ती पुढे करताना म्हणायची, घरात होतीच. ते खारी चहात बुडवत आणि सगळ्या साखळीची हालहवाल सांगत. पानांच्या लेकीचा निकाल, पॅकिंगचे गुडघे, दुकानासमोर खणलेला रस्ता. ऐकताना मला वाटायचं, मी एकटी मणी ओवत बसलेले नाही.

मग तो दसरा आला. दुकानदार म्हणाला होता, यंदा हिरवी जरा जास्त लागतील. तोरणवाल्यांनी ते मुलुंडला सांगितलं. मावशीने विचार केला, कमी नको पडायला, आणि मूठभर वाढवून मागितली. तो आकडा माझ्याकडे आला, माझ्याकडून काम अडायला नको म्हणून मीही थोडी वाढवली. माझा आकडा घाटकोपरला गेला आणि तिने हिरव्या कापडाचा अख्खा तागाच आणला. दसरा झाला, दिवाळी झाली, तरी तोरणवाल्यांच्या घरात पलंगाखाली, कपाटावर, खिडकीत हिरवी पानंच. मावशी त्यांना म्हणाली, “आता एक बकरी पाळा.” पण ते हसले नाहीत. माझ्याकडे येऊन खारीला हात न लावता बसून राहिले. मग म्हणाले, “कोणाची चूक नाय गो. प्रत्येकीने काळजीपोटीच वाढवलं. दुकानदाराचा शब्द तुमच्या कानात सरळ जायला हवा होता. मी मधे आहे, हीच चूक.”

पुढच्या मंगळवारी त्यांनी आमचा फोनवर ग्रुप केला. दुकानदार रोज सकाळी काय विकलं, काय उरलं ते बोलून पाठवणार, आम्ही सगळ्या तेच ऐकणार, जिला अडचण तिने तिथेच बोलायचं. माल न्यायला टेम्पोवाला ठरला. मला ते शिकवायला बसले, “हे बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं.” मला पहिल्याच वेळी कळलं होतं. हेही कळलं होतं की हे मला जमलं की मंगळवार संपले. म्हणून पुढे दोन मंगळवार मला ते अजिबात जमलं नाही. तिसऱ्या खेपेला ते इतके दमून वर आले, गुडघा धरून असे बसले, की मी बटण दाबलं आणि नीट बोलले.

त्यानंतर सगळं झकास झालं. माल साचत नाही, पानं फाटत नाहीत, तोरणं दाराला बरोबर बसतात, पैसेही वेळेवर येतात. आणखी दुकानं मिळाली. टेम्पोवाला खालूनच हॉर्न वाजवतो, मी पिशवी नेऊन देते, तो निघून जातो.

मध्यंतरी त्यांचा फोन आला. “मणी, घुंगरं मिळाली?”

“मिळाली.”

“पानांची टोकं?”

“नीट आहेत.”

“दुकानदार काय उलटसुलट बोलत नाय मां?”

“नाही हो. चांगला बोलतो.”

त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाले, “मगे सगळा बरा आसा.” फोन न ठेवताच म्हणाले, “एखादं पान तरी वाकडं असेल.”

मी समोरची रास बघितली. सगळी पानं एकसारखी, टोकं दुमडलेली. “आहेत काही,” मी म्हटलं. “फोनवर सांगता येणार नाही.”

“मगे येवन बघूकच व्हया,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला जरा बरा वाटला.

अजून आलेले नाहीत. गुडघ्याचं काही सांगता येत नाही. मी चार पानं काढून हाताने वाकडी करून खिडकीत ठेवली आहेत.