उसाचं पाणी कोण मोजणार

मी संगमनेरच्या एका दवाखान्यात हृदयाच्या वॉर्डात ब्रदर आहे. माझा स्वभाव असा, की शेजारच्या पेशंटला ठसका लागला तरी वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. आई लहानपणी दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसवायची. पाळकसाहेब पापावर बोलायला लागले की मी मान खाली घालायचो. इतर पोरं झोपलेली असायची. ती सवय गेली नाही.

या हिवाळ्यात पुणतांब्याच्या एक आजी भरती झाल्या. हृदयाचा पंप थकला होता. अशा माणसाच्या अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो. लघवीचं इंजेक्शन द्यायचं, मीठ तोडायचं, पाणी मोजून द्यायचं आणि रोज सकाळी चहा-नाष्ट्याआधी वजन करायचं, ही आमची कामं. वजन उतरलं म्हणजे पाणी उतरलं.

आजींना घाई होती. रविवारी नातवाचा साखरपुडा होता.

"मला शनवारी सोड," त्या मला म्हणाल्या. "न्हाईतर मी सलाईन घिऊन मांडवात बशीन."

"वजन उतरलं की डॉक्टर मॅडम सोडतील, आजी. पाणी मात्र मी देईन तेवढंच."

"गळ्याशप्पत," आजी म्हणाल्या.

त्यांनी खरंच शब्द पाळला. तहान लागली तर ओला रुमाल ओठांवर फिरवायच्या. रात्रपाळीच्या सिस्टरनं दोन घोट जास्त देऊ केले, तेही घेतले नाहीत. पहिल्या दोन दिवसांत वजन छान उतरलं. मग थांबलं. मग चढायला लागलं.

मी हबकलो. सगळ्यात आधी मला स्वतःचाच संशय आला. इंजेक्शनं दिल्याच्या सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या, वजनकाटा बदलून पाहिला. आजींच्या मुलाला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "लपून पाणी देता का?" तो बिचारा मळ्यातून थेट आलेला, पायाला अजून चिखल. म्हणाला, "साहेब, तिच्या भ्यानं मी सवताच पानी प्यायला बाहेर जातो."

भेटायला गावाकडून रोज जीप भरून माणसं यायची. ऊसतोड चालू होती, त्यामुळं फळांऐवजी ती येताना ऊस आणायची, सोलून कांड्या केलेला. आजींचे दात सगळे स्वतःचे, आणि शुगर नाही. लोक गेले की त्या मला हाक मारायच्या आणि पिशवीतून दोन कांड्या काढून हातात द्यायच्या. "घे रं लेका. दिसभर उभा असतो." नको म्हटलं तर तोंड पाडायच्या. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडणं हे मला पाप वाटतं, म्हणून मी रोज काउंटरमागे बसून खायचो.

गुरुवारी दुपारी असाच कांडी खात होतो आणि आजींचं वजन का चढतं याचाच विचार करत होतो. दात रोवला तसा रस हनुवटीवरून मनगटावर आणि मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. पांढरा युनिफॉर्म. पुसायला रुमाल काढला आणि तसाच थांबलो.

धावत आजींच्या कॉटपाशी गेलो. "आजी, दिवसाला किती ऊस खाता?"

"ध्यान न्हाई. येळ जात न्हाई मग चघळते."

"अहो, पाणी बंद आहे ना तुम्हाला!"

आजी माझ्यावर चांगल्याच उखडल्या. "पेले का मी? ऊस हाय त्यो. ऊस खात्यात, पेत न्हाईत. एवढा शिकला, तुला ठावं न्हाई व्हय?"

शेजारच्या कॉटवरचे बायपासचे आजोबा छातीला उशी दाबून हसायला लागले. टाके ताणतील, हसू नका, असं त्यांना सांगितलेलं होतं. तोही माझाच दोष.

दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टर मॅडम आल्या तेव्हा मी सगळ्यांसमोर पुढं झालो.

"मॅडम, वजन वाढलं त्यात माझाही हात आहे."

"कशात?"

"उसात."

मॅडमना काही कळेना. मी सगळं सांगितलं, कांड्यांसकट. बोलता बोलता रुमाल डोळ्यांना लावला. तेवढ्यात आजी उठून बसल्या.

"बाई, त्याला बोलू नगा. त्यानं खाल्ला म्हनून तेवढा तरी माझ्या पोटात गेला न्हाई. त्यानं अजून खायाला पायजे हुता."

मॅडम पाठमोऱ्या झाल्या. त्यांचे खांदे हलत होते. मग वळून त्यांनी इंजेक्शन वाढवलं, ऊस बंद केला आणि मला म्हणाल्या, "आता रडू नका, पिशवी उचला." जीपवाल्या पाहुण्यांना मी दारातच अडवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी नाही म्हणालो.

शनिवारी सकाळी वजन आणि पायांची सूज, दोन्ही उतरलं होतं. मॅडमनी सोडलं, पण आजी अडून बसल्या. "ह्याला संगं धाडा. तितं मला दटावनार कोन?"

माझी रविवारी सुटी होती. गेलो.

साखरपुड्यात मी आजींच्या शेजारच्या खुर्चीवर. जो येईल तो पाया पडायचा आणि चहाचा कप पुढं करायचा. मुलीकडच्या मावशी तर रुसल्याच. "आमच्या हातचा चालत न्हाई का वं?"

"माझा चहा ह्यो पेतो," आजी माझ्याकडं बोट करून म्हणाल्या. "दवाखान्यानं नेमलाय."

नातं बिघडू नये म्हणून मी तो प्यायलो. मग आत्याबाईंचा. मग मामांचा. एकेक मानाचा कप, नाही तरी कसं म्हणायचं?

मुलीच्या बोटात अंगठी गेली तेव्हा मी मंडपामागं, शौचालयाच्या रांगेत होतो. नंतर मोबाईलवरच्या व्हिडिओत पाहिलं. आजी कुणाचा हात न धरता उठल्या, पोरीपाशी चालत गेल्या, दोन्ही हातांनी तिची अलाबला घेतली आणि परत येऊन बसल्या. दम लागला नाही.

मी परतलो तर त्यांच्या खुर्चीखाली एक रिकामा कप होता.

"नातसुनंच्या हातचा हुता," आजी म्हणाल्या आणि दुसरीकडं पाहू लागल्या.

मी त्यांच्या मुलाला सांगितलं, संध्याकाळच्या पाण्यातून एक कप कमी करा. मॅडमना अजून सांगितलेलं नाही.