राहिलेला कोपरा

भुताबितावर माझा काडीचा विश्वास न्हाई. सगळा जन्म वस्तीवर गेला, अंधारात विहिरीवर मोटार चालू करायला एकटा गेलो, कधी काही दिसलं न्हाई. या ग्रुपवरचे अनुभव सून वाचून दाखवायची तेव्हा मी म्हणायचो, रिकामटेकडी माणसं हायेत. आज मीच सांगायला बसलोय... माझं शिक्षण चौथी, म्हणून मी बोलतोय आन् सून, रेखा, मोबाईलवर लिहितेय. बोलतो तसंच लिही म्हणून बजावलंय, तरी मधी मधी सुधारतेच.

आमची वस्ती मिरजगावच्या अलीकडं, हायवे सोडून आत. राहायला विटांचं घर हाय, त्याला लागून दगड-मातीची जुनी खोली. तिच्यात कडबा आन् अवजारं. त्या खोलीची मावळतीकडची भिंत माझी बायको हौसा दर सणाला शेणामातीनं सारवायची.

सारवलं की भिंतीवर बोटांचे गोल पट्टे उठतात, ते सगळ्यांनी बघितले असतील. हौसाचे पट्टे वेगळे. ती डावरी, म्हणून गोल उलटे फिरायचे. आन् डाव्या हाताचं मधलं बोट कडबाकुट्टीच्या यंत्रात तुटून गेलेलं, त्यामुळं प्रत्येक पट्ट्यात मधी एक कोरी फट. बायका चेष्टा करायच्या, हौसाबाईची भिंत लांबून ओळखू येती म्हणून. ती म्हणायची, "बरं हाय की. सही करायला शाळंत जायला नको."

आणखी एक खोड हुती तिला. सारवताना कुणी बघितलेलं चालायचं न्हाई. मी तिकडं फिरकलो की हाकलायची. "आत्ता नका बघू. वाळू द्या, मग बघा." आन् वाळेपर्यंत भिंतीपाशीच राखत बसायची.

गेल्या दसऱ्याच्या आधी ती ही भिंत सारवत हुती. खालचा एक कोपरा राहिला, सुपाएवढा. गुडघे भरून आले, उरलेलं सकाळी करते म्हणाली, आन् घमेलं तिथंच ठेवून आत गेली. सकाळी उठलीच न्हाई.

नंतर लेकीनं तिचा जुना मोबाईल मला दिला. जीव रमंल म्हणाली. मला फोटोचा नाद लागला. माणसांचे न्हाई काढत मी. गंजलेलं कुलूप, झिजून मधी खोल झालेला पाटा, रंग उडालेलं दार, हौसाच्या चपलेत उठलेला टाचेचा खड्डा – असले. रेखा म्हणायची, "मामा, एखाद्या नव्या वस्तूचा बी काढा. लोक तुमाला भंगारवाला समजत्याल." पण नव्यात बघायचं काय? नवं सगळं सारखंच असतं. जुनं झालं की ज्याचं त्याचं रूप दिसायला लागतं.

सगळ्यात जास्त फोटो त्या भिंतीचे. सारवण आधी काळपट हिरवं हुतं, मग राखेसारखं झालं, बारीक भेगा पडल्या. उन्हं कलली की भुशाची काडी न् काडी उठून दिसायची. रोज समोर बाज टाकून, त्याच जागेवरनं काढायचो. दर फोटोत खालचा कोपरा उघडा, तांबड्या मातीचा. एक लांब भेग वरनं यायची आन् त्या कोपऱ्याच्या कडेला थांबायची. खाली घमेलं, त्यातला शेणामातीचा काला वाळून दगड झालेला. मी कुणाला हात लावू दिला न्हाई.

या उन्हाळ्यात दत्तानं, माझ्या पोरानं, ठरवलं की खोली पाडून स्लॅब टाकायचा. नातवंडं मोठी झाली, जागा लागती, त्याचं खोटं नव्हतं. पण मी आडवा पडलो. म्हणालो, हिचं काम राहिलंय, ते पुरं झाल्याबिगर भिंत पडायची न्हाई.

"आप्पा, आता ते कोन पुरं करनार?"

"ते मला माहीत न्हाई. राहिलंय म्हंजे राहिलंय."

"भिंत म्हंजे आई न्हवं, आप्पा."

त्यानं सोमवारचा जेसीबी सांगितला.

रविवारी घरातली सगळी मिरजगावला गेल्ती. मी जेवलो, बाजेवर बसून एक फोटो काढला – कोपरा उघडाच. मग डोळा लागला. कुत्रं बाजेखाली झोपलेलं. उन्हं कलल्यावर जाग आली, तिरप्या उजेडाचा फोटो घ्यावा म्हणून मोबाईल धरला. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काच धोतरानं पुसली. परत बघितलं. मग मोबाईल खाली करून डोळ्यांनी बघितलं...

कोपरा सारवलेला हुता.

उलटे गोल. मधी कोरी फट.

बाजेवरनं उतरून हात लावला. खडखडीत वाळलेला. आन् नवा दिसत नव्हता हो – नवं सारवण काळं दिसतं, ओला वास मारतं. हे राखेच्या रंगाचं, बाकीच्या भिंतीइतकंच जुनं. ती लांब भेग आता थांबत नव्हती, नव्या तुकड्यातनं सरळ खाली उतरली हुती. घमेलं धुऊन पालथं घातलेलं, हौसा ठेवायची तसं. खालची माती कोरडी. कुत्रं अजून झोपलेलं.

दत्ता आल्यावर आधी माझ्यावरच उखडला, तुमीच केलंय म्हणाला. मी दोन्ही पंजे त्याच्यापुढं धरले. दाही बोटं शाबूत. मग दुपारचा फोटो दाखवला. त्यानं फोटो मोठा करून कोपरा बघितला, मग भिंतीकडं बघितलं. रेखानं त्या पट्ट्यांवर आपली बोटं ठेवली आन् चटका बसल्यासारखा हात काढला.

"मामा, ह्यो आत्यांचाच हात हाय."

हे लिहिताना आत्ताबी ती थांबलीय.

दत्ता म्हणाला, जेसीबी नको, मी फोन करतो. मीच न्हाई म्हणालो. काम राहिलंय म्हणून अडवलं हुतं, आता राहिलं न्हाई. बोलून बसल्यावर काय करणार? सोमवारी भिंत पडली. मी शेवटपर्यंत फोटो काढले.

दोन्ही फोटो मोबाईलमधी हायेत, उघड्या कोपऱ्याचा आन् सारवलेल्या. गावातल्या मास्तरांना दाखवले. म्हणाले, झोपेत माणूस काहीबी करतो. मी विचारलं, झोपेत भेग ओढतो का? ते चहा पिऊन गेले. दत्ता म्हणतो, आईनं परवानगी दिली. मला तसंबी वाटत न्हाई. मला काहीच कळलेलं न्हाई.

फक्त एक गोष्ट डोक्यातनं जात न्हाई. माझ्या बाजेची उशाकडची बाजू त्या कोपऱ्यापासून हातभर लांब हुती. वाळल्यावर बघा म्हणायची, कबूल. पण म्हंजे वाळेपर्यंत ती तिथंच बसली असंल ना? माझ्या उशाशी...

मग मला उठवलं का न्हाई?