भुसा भरलेली जीप

आमच्या दवाखान्यातली जुनी माणसं अजून कुठं लग्नाकार्यात भेटली, की आधी एकमेकांची गुडघेदुखी विचारून होते आणि मग कुणीतरी म्हणतं, "ती जीप आठवते का?" झालं. पंगती उठतात, मांडववाले कनाती सोडायला लागतात, आणि आम्ही आपले खुर्च्या सरकवत बसलेलो. एक गोष्ट सांगावी तर तिच्या पाठीला लागून दुसरी येते. हल्ली तर मला न आठवणाऱ्या गोष्टीही निघायला लागल्यात. त्यात मी असते म्हणे.

सत्तर-एकाहत्तरचा सुमार. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला आमचा छोटा दवाखाना होता. डॉक्टरबाई, दत्तू कंपाउंडर आणि मी नर्स, एवढीच माणसं. डॉक्टरबाई नगरच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. दत्तू तिथलाच. मी पारनेरची. आमच्याकडं ढग लांबून बघायचे असतात, इथं ते खिडकीतून आत येऊन खाटेवर बसायचे. पहिले काही महिने मी कामं करत होते की झोपेत चालत होते, मला सांगता यायचं नाही.

वाड्यावस्त्यांवरचा आजारी माणूस डोलीतून यायचा. बांबूला घोंगडी बांधायची, आत माणूस, दोन्हीकडं खांदेकरी. एका पावसाळ्यात एक अडलेली बाई अशीच येता येता वाटेत गेली. त्या दिवशी डॉक्टरबाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, "आपण गाडी घ्यायची."

* * *

गाडी विकणारा संगमनेरकडचा एक ठेकेदार. सगळे त्याला अण्णा म्हणत. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप त्यानं हार घालून उतारावर उभी केली होती. हिरवा रंग इतका ताजा, की माझ्या पदराला लागला.

"मिलिटरीची गाडी आहे बाई," अण्णा म्हणाला. "हिला रस्ता लागतच नाही."

त्यानं बटण दाबलं. गाडी लगेच सुरू झाली. उतारावरून एक फेरी मारून आणली आणि डॉक्टरबाईंना विचारलं, "आवाज आला का काही?"

"नाही."

"मग?" अण्णा म्हणाला, आणि व्यवहार झाला.

डॉक्टरबाई भावाकडून गाडी शिकलेल्या होत्या. त्यांनीच चालवत आणली. दुसऱ्या दिवशी एसटीनं एक माणूस आला, खांद्यावर रिकामं पोतं.

"बॅटरी न्यायला आलोय."

"कुणाची बॅटरी?"

"आमची. अण्णांनी गिऱ्हाइकाला दाखवायला नेल्ती."

माणूस खरं बोलत होता. त्याला चहा दिला, बॅटरी दिली. पोतं खांद्यावर घेऊन निघताना तो दारात थांबला. "बाई, टायरवाला बी येईल. त्याला चहा नका ठिवू. त्यो घेत न्हाई."

* * *

बॅटरी गेली तरी आम्ही हँडल मारून, ढकलून, कशीबशी ती गाडी चालवायला बघितली. चार दिवसांत गिअरबॉक्स आतून ओरडायला लागला. बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या अकोले गावाहून शंकर मिस्त्री यायचा, त्याला बोलावलं. शंकर मिस्त्री म्हणजे जन्माचा निराश माणूस. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकला, उठला आणि म्हणाला, "बाई, हिला गोठ्यात ठिवा. कोंबड्या बसतील."

तरी त्यानं बॉक्स उघडला. आतून ऑइलऐवजी काळा चिखल आला. बोटांत धरून बघितला तर लाकडाचा भुसा. गिअरच्या दातऱ्या झिजलेल्या, त्यांचा आवाज दबावा म्हणून अण्णानं घट्ट ऑइलमध्ये कालवून भुसा भरला होता. डॉक्टरबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या मनानं एवढी मोठी वस्तू घेतली होती.

काहीतरी बोलायला हवं म्हणून दत्तूनं तो भुसा नाकाशी नेला.

"सागाचा हाय बाई," तो म्हणाला. "माल तरी चांगला घातलाय."

* * *

मग तो सबंध पावसाळा आम्ही दवाखान्यामागच्या गोठ्यात काढला. दुपारी पेशंट ओसरले, की तिघं जाऊन जीप खरवडत बसायचो. बाहेर पाऊस एका लयीत पडत असायचा, गोठ्यात शेणाचा आणि रॉकेलचा वास. अण्णाचा हिरवा रंग निघाला, त्याखाली पिवळा. पिवळ्याखाली पांढरा. पांढऱ्याखाली निळसर, कुणी लावला असेल देव जाणे. खरवडता खरवडता बोलणं थांबायचं. आपण पाण्याच्या तळाशी बसलोय आणि वर कुठंतरी जग चाललंय, असं वाटायचं मला.

अगदी खाली फिक्या मातकट रंगाचा थर होता. आणि एक पत्रा सोडवला तेव्हा मागच्या खोबणीतून बारीक पिवळी वाळू सांडली. मऊ, पिठासारखी. आमच्या नदीची नव्हे, ओढ्याची नव्हे. ही गाडी कुठल्या वाळवंटातून आली असेल त्याचे आम्ही तिघं अंदाज बांधत बसलो. दत्तूनं ती वाळू एका रिकाम्या बाटलीत भरून औषधांच्या फळीवर ठेवली.

पुढं एक म्हातारबाबा कंबर दुखते म्हणून आले. डॉक्टरबाई गोळ्या देत होत्या, बाबांची नजर फळीवर.

"त्या नगं. ते पिवळं द्या."

"ते औषध नाही बाबा. ते फार लांबून आलंय."

"मग लांबचंच द्या," बाबा म्हणाले. "जवळच्यानं गुण न्हाई येत."

* * *

शंकर मिस्त्री दर बाजाराला येऊन आशा सोडायचा आणि हात मात्र चालवायचा. पुण्याहून जुन्या दातऱ्या आल्या, नगरहून बॅटरी आणि टायर आले. एका दुपारी त्यानं बटण दाबलं आणि इंजिन लागलं. नुसतं लागलं नाही, शांत चालत राहिलं. मिस्त्री स्वतःच दचकला.

"बसा बाई. न्या भाईर."

डॉक्टरबाई सीटवर बसायला गेल्या आणि थांबल्या. सीटखालच्या खणात दत्तूची कोंबडी अंड्यांवर बसली होती. अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून. इंजिनाचा एवढा आवाज झाला तरी हलली नाही.

डॉक्टरबाईंनी हात लांब करून इंजिन बंद केलं. "पिल्लं निघेपर्यंत थांबू."

मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. "मी म्हन्लो हुतो कोंबड्या बसतील. तवा तुमाला राग आला. आता खरंच बसली तर गाडी थांबिवता व्हय?"

पण पुढच्या बाजाराला तो कोंबडीसाठी मूठभर बाजरी घेऊन आला. कुणी बघत नाही असं बघून त्यानं ती सीटखाली टाकली.

* * *

त्या जीपचं स्टिअरिंग डावीकडं होतं. आपल्याकडच्या गाड्यांना ते उजवीकडं असतं, म्हणजे ड्रायव्हर बसतो ती जागा माझी. रस्ता लांब, बाई अबोल, म्हणून मी आपली स्वेटर विणत बसायचे. खेड्यापाड्यांत बोलवा झाली, की शिष्टरबाई दोन्ही हातांनी स्वेटर विणतात आणि गाडी आपली आपण चालते.

राजूरच्या बाजारात एका हवालदारानं हात केला आणि थेट माझ्या बाजूला आला.

"लायसन?"

"माझ्याकडं नाही."

"लायसन न्हाई आन गाडी चालवता?"

"मी नाही चालवत."

त्यानं माझ्या हातातल्या सुया बघितल्या. मांडीवरचा लोकरीचा गुंडा बघितला. पलीकडं डॉक्टरबाई बसल्यात, त्यांच्यापुढं स्टिअरिंग आहे, हे त्याला दिसलं की नाही कोण जाणे. तो हळूच खाली वाकून म्हणाला, "बाई, निदान गर्दीत तरी इनू नका."

* * *

अण्णाला काय बोलायचं हे डॉक्टरबाईंनी मनात ठरवून ठेवलं होतं. एवढ्या महिन्यांत एकदाही शब्दानं बोलल्या नव्हत्या, पण औषध घोटताना त्यांचे ओठ हलायचे ते मी बघत होते. जीप नीट चालू लागल्यावर त्या म्हणाल्या, "संगमनेरला जाऊन येऊ."

रस्ताभर मी विणलं नाही. मला भीती वाटत होती. शांत माणूस एकदा बोलायला लागला, की काय बोलेल सांगता येत नाही. अण्णाच्या वखारीसमोर डॉक्टरबाईंनी जीप उभी केली, ती सुद्धा सपाटीवर. इंजिन मुद्दाम चालू ठेवलं. अण्णा धोतराचा सोगा सावरत बाहेर आला. आम्हाला बघून चेहऱ्यावर ते गोड हसू आणायला लागला आणि मध्येच ते राहून गेलं. तो जीपकडं बघत होता. जवळ आला. बॉनेटवर तळहात टेकवला, आतली धडधड हाताला लागली तसा त्यानं हात मागं घेतला.

"बाई," तो म्हणाला, "ही चालते?"

लबाडीचा लवलेश नव्हता त्या प्रश्नात. लहान मुलानं विचारावं तसं विचारलं त्यानं. डॉक्टरबाईंनी तोंड उघडलं, मिटलं, आणि त्यांना हसू फुटलं. इतकं, की डोळ्यांतून पाणी आलं. परतीच्या रस्त्याला त्या गाणं गुणगुणत होत्या. त्यांना गाता येतं हे मला तेव्हा कळलं.

* * *

धुक्याची गोष्ट दत्तूला आवडत नाही, तरी सांगते.

घाटाच्या वरच्या वाडीत एक पोरगी अडली होती. बोलावणं आलं तेव्हा दुपार होती, पण ढग इतका खाली उतरलेला, की जीपचं बॉनेट दिसेना. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. दत्तू खाली उतरला. म्हणाला, "मी पुढं चालतो. माझ्या पांढऱ्या सदऱ्याकडं बघत या."

तसे निघालो. पुढं पांढरा ठिपका, मागं आम्ही. ढग एका बाजूनं गाडीत शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर जात होता. चाकांचा आवाजसुद्धा लांबून आल्यासारखा. रस्ता आहे की नाही, गाडी चालतेय की आपण तरंगतोय, काही कळेना. ठिपका थांबला की डॉक्टरबाई थांबायच्या, वळला की वळायच्या. मी मनात त्या पोरीचं नाव घेत होते.

शेवटी ठिपका एका दारात शिरला. धूर दिसला, माणसं धावत आली. वाडी हीच. डॉक्टरबाई बॅग घेऊन पळाल्या आणि थोड्याच वेळात बाळाचं रडणं ऐकू आलं. आई सुखरूप, मूल सुखरूप. मी दत्तूला शाबासकी द्यायला म्हणून त्या दारात गेले. आत गोठा होता, आणि दावणीला एक पांढरा बैल दमून उभा होता.

दत्तू बराच उशिरा आला. हाका मारमारून त्याचा घसा बसला होता.

* * *

आता दुष्काळाच्या सालातली.

त्या वर्षी आमच्याकडंसुद्धा पाऊस हात आखडून पडला. उन्हाळ्यात धरणाचं पाणी हटत हटत पार आत गेलं. जिथं नावा चालायच्या तिथं भेगाळलेला गाळ, आणि त्या गाळात लांबवर दगडांच्या ओळी दिसायला लागल्या. धरण झालं तेव्हा पाण्याखाली गेलेल्या जुन्या गावाची ती जोती.

ठकूबाई म्हणून एक म्हातारी होती. त्या गावात ती नवरी होऊन आली होती आणि थोड्याच वर्षांत सगळ्यांबरोबर वर हलली होती. आता खुब्यानं अधू, पाच पावलंसुद्धा तिला चालवत नव्हती. डॉक्टरबाई तिला तपासायला गेल्या तेव्हा तिनं विचारलं, "तुमची गाडी गाळातनं चालती का?"

"चालते."

"मग मला घरी सोडा."

तिचा मुलगा ओशाळला. "तिचं नका मनावर घिऊ बाई. जुन्या घराचं म्हनती ती."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "दत्तू, धर त्यांना."

ठकूबाईला माझ्या जागेवर बसवलं, मी आणि दत्तू मागं. डॉक्टरबाईंनी पुढची चाकं जोडायचा दांडा ओढला आणि जीप काठावरून खाली उतरवली. ऊन लख्ख, वारा नाही. चाकांखाली शिंपले चुरत होते. वठलेल्या झाडांचे काळे बुंधे तसेच उभे, त्यांवर बगळे. ते उडालेसुद्धा नाहीत. वर बघितलं तर डोंगरावर, आपल्या डोक्याच्या कितीतरी वर, पाण्याची जुनी रेघ.

पहिली दगडांची ओळ आली तशी ठकूबाई म्हणाली, "हळू. गाव लागलं." आणि तिनं डोक्यावरून पदर पुढं ओढला.

समोर सगळं मोकळं होतं. कुठूनही गाडी नेता आली असती.

"सरळ नको," ठकूबाई म्हणाली. "ते पाटलाचं आंगन हाय."

डॉक्टरबाईंनी गाडी वळवली.

"आता उजवीकडं. सांभाळून, बोळ आरुंद हाय."

डॉक्टरबाईंनी वेग कमी केला. दत्तूचं कोपर गाडीबाहेर होतं, ते त्यानं आत घेतलं.

"हितं जरा थांबा. पोरी पानी घिऊन येत्यात, त्यांना जाऊ द्या." आम्ही थांबलो. "हां. चला."

अशी ती गाडी त्या उघड्या गाळात वळणं घेत घेत गेली आणि एका जोत्यापाशी ठकूबाईनं हात वर केला. दत्तूनं तिला उचलून खाली ठेवलं. तिनं उंबऱ्याच्या दगडावरचा सुकलेला गाळ पदरानं पुसला, दगडाला हात लावून तो कपाळाला लावला, आणि दत्तूचा हात सोडून दोन पावलं आत गेली. मग वळून आमच्याकडं बघितलं.

"या की आत. भाईर का हुब्या?"

डॉक्टरबाईंनी इंजिन बंद केलं. चपला बाहेर काढल्या, आणि दारात मान वाकवून आत गेल्या.