पहिल्या पंगतीत बसलेला माणूस

काल स्वयंपाकघरात भाताची पेज गाळली गेली, तिचा ऊबदार वास ओसरीपर्यंत आला आणि मला मे महिन्याची ती शेवटची संध्याकाळ आठवली. निरोपसमारंभाची वर्गणी अकरा हजार. हजर आम्ही बावीस सहकारी, शिवाय निवृत्त झालेला मित्र आणि वहिनी. जागा कारध्याची, नदीकाठची आमराई.

भंडाऱ्याच्या आमच्या कार्यालयात निरोपसमारंभ म्हणजे हा मित्र. कुणीही निवृत्त होवो, शाल त्याने निवडायची, मासे त्याने पारखायचे, आचारी त्याने ठरवायचा. भाषणे सुरू झाली की तो हळूच चुलीकडे सटकायचा आणि पंगत बसली की खांद्यावरचा दुपट्टा कमरेला बांधून भाताची बादली उचलायचा. त्याच्या आग्रहापुढे भल्याभल्यांचे पोट हार मानी. पण त्याला स्वतःला बसून जेवताना आमच्यापैकी कुणीही पाहिले नव्हते. म्हणून त्याच्या निरोपासाठी आम्ही एकच गोष्ट ठरवली: या वेळी तो पहिल्या पंगतीत बसून जेवेल. तेवढे साधले नाही तर बाकी सगळा थाट फुकट.

अडचण अशी, की समारंभ कसा करतात हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हते. शेवटी मी त्याच्याकडेच गेलो. एका ओळखीच्या माणसाचा कार्यक्रम आहे, म्हणालो.

"माणूस कसा हाय गा? खाणारा?"

"खाऊ घालणारा."

त्याने माझ्याकडे निरखून पाहिले आणि मिशीत हसला. "मंग बेकार माणूस हाय. त्याच्यापायी जास्त खर्च नको करू."

तिथल्या तिथे त्याने आचाऱ्याला फोन लावला आणि जेवणाच्या नऊ हजारांचे आठ करून घेतले. स्वतःच्याच निरोपात घासाघीस करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

भाषणे आम्ही मुद्दाम जेवणानंतर ठेवली, म्हणजे त्याला सटकायला वाव नको. उन्हे कलली, वैनगंगेवरून जरा वारा सुटला, पत्रावळी मांडल्या गेल्या. तरी तो उठलाच.

"अबे, भात मोजून वाढून राहिले का तुम्ही? आण ती बादली इकडे!"

दोघांनी त्याचे दंड धरले, तिसऱ्याने बादली पळवली, तर हा रश्श्याच्या भांड्याकडे वळला. बेत फसलाच असे मला वाटले. तेव्हा पंगतीत बसलेल्या वहिनी बोलल्या.

"बसा ना जी. सगळ्यायले जेवू घालून तुम्ही घरी येता, अन् मी झाकलेला थंडा भात वाढते. आज माह्याजवळ बसा."

तो बसला. शाळेत पहिल्यांदा बाकावर बसवलेल्या पोरासारखा, हात मांडीवर ठेवून. वाढणारे थांबले, जेवणारे थांबले. त्याने रस्सा-भात कालवला, बोटे भाजली म्हणून झटकली आणि पहिला घास घेतला.

"कसं झालं जी?" आचाऱ्याने चुलीजवळूनच विचारले.

"गरम हाय बे!" तो म्हणाला. "इतके वर्षं तुले बोलावून राहिलो, तुह्या हातचं गरम आजच खाल्लं." मग मान माझ्याकडे वळवून, "याचे हजार मी कापले होते ना? देऊन टाक त्याले."

"ते तर तू दुसऱ्याच माणसासाठी कापले होते," मी म्हटले.

"तोच जेवून राहिला हा," तो म्हणाला, आणि सगळ्या आमराईत हसू पसरले. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्याने दोनदा भात मागून घेतला.

आता निरोप असला की बादली आम्ही आळीपाळीने धरतो. तो वहिनींना घेऊन पाहुण्यासारखा येतो, वाढणाऱ्यांच्या चुका काढतो, पण जागेवरून हलत नाही. निवृत्तीने माणसाचे काय काय सुटते ते सगळेच सांगतात. त्याच्या बाबतीत मला एवढेच दिसते, की संध्याकाळ त्याच्या वाट्याला आली आणि वहिनींच्याही.

आचाऱ्याला शेवटी नऊ हजार पोचले. वर्गणी पुरती संपली होती, वरचे हजार मी माझ्या खिशातून दिले आणि ते कुणाकडे मागितले नाहीत.