रातपाळीचा घास

"गोळी उपाशी पोटी नाई घेतली जी, डाक्टरीनबाई! घोटभर चहा पेली होती मी."

"चहा म्हणजे जेवण नव्हे, रंभाबाई," इतवारीतल्या डॉक्टर लतिकाबाई म्हणाल्या. मागच्या महिन्यात रंभाबाईचा उजवा हात घडीभर लुळा पडला, तेव्हा त्यांनीच रक्त पातळ ठेवायची गोळी दिली होती. रोज सकाळी, जेवल्यावर. हात सुधारला, पण पोटात इंगळ पडल्यागत आग.

"गोळी पोटात विरघळते, अस्तरातून झिरपून रक्तात जाते. पोट रिकामं असलं की अस्तरालाच डसते. मध्ये अन्न हवं."

"म्हन्जे सुताले खळ लागते तसं. बिनखळीचं सूत तुटते."

"तसंच समजा. मग जेवत का नाही?"

रंभाबाईनं तोंडाला पदर लावला. "मालकाच्या आंधी कशी जेवू?"

मालक म्हणजे ताराचंद. हातमागावर पोट भरेना म्हणून भिवंडीला पॉवरलूमवर गेला, त्याला दुसरी दिवाळी झाली. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. जाताना एवढंच बोलला होता, तीनला सुट्टी होते, मग जेवीन. तेव्हापासून इथल्या मिलचा तीनचा भोंगा झाला की तिकडं तो हात धुणार अन् इकडं ही ताट घेणार.

"चार दिवस गोळी बंद. मग सकाळी जेवूनच घ्या, नाहीतर हात जाईल," लतिकाबाईंनी सुनावलं.

घरी तिची जाऊ जनाबाई मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. तिनं सगळं ऐकलं अन् फणकारली. "तू मर इथं उपाशी! तो तिकडं रातपाळी करून सकाळीच पाव रिचवत असन."

"रातपाळी?"

"मंग? पावरलूम का रातच्याले झोपते? पाळी बदलत राह्यते वं."

रंभाबाईचा कांड्या भरायचा चरखा थांबला. म्हणजे तीनच्या भोंग्याला तो झोपलेलाही असेल. इतक्या दिवसांची ताटं तिनं एकटीनंच उष्टी केली होती की काय!

पाचव्या दिवशी तिनं पहाटेच तवा चढवला. सकाळचा भोंगा झाला. "रातपाळीच हाय त्याची," तिनं तव्यालाच बजावलं. केसांत कापसाचं तूस घेऊन तो आत्ता बसला असेल. त्याचा घास मोठा, चावायला वेळ लागतो. तेवढा वेळ ती थांबली. मग फिक्क्या वरणात भाकर कुस्करली, पोटभर खाल्ली अन् वरून गोळी गिळली.

जनाबाई दारात थबकली. "काहून वं, आज मालकाच्या आंधीच?"

"आंधी कुठं? मांगूनच जेवली."

"अन् त्याची पाळी बदलली तं?"

"तं सांगाले येईन तो."

आतल्या खोलीत जनाबाईच्या नवऱ्याच्या, जागेश्वरच्या मागाची खटखट बंद पडली.

"वयनी, कांडी सरली गा इथं!"

"वयनीले का गड्यावानी गा म्हनते रे, मुडद्या?" रंभाबाईनं हात धुतला अन् उजव्या हातानं चरखा ओढला.