हिरव्या डब्यामागचा नंबर

पुसदच्या एका तंत्रनिकेतनात मी प्रोसेसर शिकवतो. दोन कोअरचे, म्हणजे एकाच चिपमध्ये दोन मेंदू असलेले, बोर्ड आमच्या प्रयोगशाळेत कधी आलेच नाहीत. त्यावर बैठकीत रडगाणं सुरू होतं, तेव्हा मी छाती पुढे काढून बोलून गेलो, "बोर्ड कशाला पाहिजेत? मी इम्युलेटर लिहितो." इम्युलेटर म्हणजे प्रोसेसरचं सोंग घेणारा प्रोग्रॅम. चालतो लॅपटॉपवर, पण त्याच्या आत जे चाललेलं असतं त्याला वाटतं, आपण खऱ्या चिपवरच आहोत. बोलण्याआधी विचार करायची सवय मला असती, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

एक कोअर होता तोवर संसार सुखाचा होता. दुसरा आला आणि भांडणं लागली. दोघांनी मिळून एकाच आकड्यात लाख-लाख वेळा एक मिळवायचा, एवढी साधी चाचणी. उत्तर दोन लाख यायला हवं. येई कधी दीड लाख, कधी त्याहून कमी. उन्हाळ्याचे दिवस होते, म्हणून मी दोष उन्हाला दिला आणि लॅपटॉपसमोर कूलर लावला. उत्तर चुकतच राहिलं, फक्त गार हवेत चुकू लागलं.

चूक अर्थात माझी होती. आकडा वाचणं, वाढवणं आणि परत लिहिणं या तीन पायऱ्या मी सुट्या ठेवल्या होत्या. एकाने वाचून लिहीपर्यंत दुसरा मध्ये शिरायचा, आणि मग एकाची मेहनत पुसली जायची. खरा प्रोसेसर ही तिन्ही कामं एका दमात उरकतो, मध्ये कुणाला पाय ठेवू देत नाही. म्हणून तर अशा कामांना ॲटॉमिक, म्हणजे न तुटणारी, म्हणतात. ते मी दुरुस्त केलं.

पण या चिपमध्ये आणखी एक प्रकार होता. मेमरीतल्या एखाद्या जागेतला आकडा वाचायचा आणि तिथे आपली खूण ठेवायची. मग आपलं काम करून लिहायला यायचं. मधल्या वेळात त्या जागेत दुसऱ्या कुणी लिहिलं असेल, तर खूण मोडली. आपलं लिहिणं रद्द, पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येकाच्या लिहिण्यावर पाळत ठेवायचा मला कंटाळा आला. मी पळवाट काढली. वाचताना दिसलेला आकडा लक्षात ठेवायचा आणि लिहिताना बघायचं, तोच आहे का. तोच असेल तर मध्ये कुणी हात लावला नाही, असं समजायचं. या हुशारीवर खूश होऊन मी त्या दिवशी दोनदा चहा घेतला.

शेवटच्या वर्षाला झरी जामणीकडच्या एका गावातली मुलगी होती. तिच्या प्रोजेक्टचा मार्गदर्शक मी. ती माझ्या इम्युलेटरवर स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत होती. तिने मेमरीचे तुकडे पाडून रिकाम्या तुकड्यांची चळत केली होती. ज्या कोअरला गरज असेल त्याने वरचा तुकडा उचलायचा, काम झालं की परत वर ठेवायचा. चळतीच्या माथ्यावर कोणता तुकडा आहे, तेवढा एक आकडा ती त्या खुणेच्या पद्धतीने बदलत होती. हजारो वेळा नीट चालायचं आणि मग एकदा एकच तुकडा दोन्ही कोअरच्या हातात जायचा. तिथे सगळं कोसळायचं.

आमच्याकडे प्रोजेक्टची डायरी असते; दर आठवड्याला मार्गदर्शकाने शेरा मारून सही करायची. सलग तीन आठवडे मी लाल शाईने लिहिलं, "विद्यार्थिनीच्या प्रोग्रॅममध्ये चूक. पुन्हा तपासावे."

"सर, तिसऱ्यांदा लिहून राह्यली मी हे," ती म्हणाली. "चूक सापडतच नाही."

"मग चौथ्यांदा सापडेल."

"अन् इम्युलेटरमध्येच असली तर?"

"त्यात कायले असंल?" मी म्हणालो. राग आला की माझी पुस्तकी मराठी सगळ्यात आधी पळते.

सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार होते. शनिवारी मी फर्मान काढलं, "दोन कोअरचा भाग काढून टाक. एकावर चालव. पास तर होशील."

"मग माझ्या प्रोजेक्टमध्ये उरलं काय, सर?"

तासाला उशीर होतोय, असं म्हणून मी निघालो. शनिवारी दुपारी मला तास नसतो, हे तिला ठाऊक होतं.

रविवारी सकाळी बायकोने मला गव्हाचा डबा देऊन चक्कीवर धाडलं. चक्कीवर नंबर माणसाचा नसतो, डब्याचा असतो. ओळीत पहिला होता शेजारच्या काकूंचा हिरवा डबा, मागे एक स्टीलचा, त्यामागे माझा. मी हिरवा डबा ध्यानात ठेवला आणि टपरीवर जाऊन तासभर गप्पांत रमलो. परत आलो तर हिरवा डबा होता तिथेच, पहिल्या नंबरवर. मागचे डबे न बघताच म्हटलं, ओळ काही हललेली नाही. बाकावर बसलो. चांगला अर्धा तास बसलो आणि मग चक्कीवाल्यावर उखडलो.

"काय चाललंय? मी आलो तेव्हापासून हा हिरवा डबा इथंच आहे!"

चक्कीवाल्याने पट्ट्याचा आवाज कमी होऊ दिला. "सर, तुमचं दळण कवाचंच झालं. बाकाखाली ठेवलं ना, तुमच्या पायापाशी. मले वाटलं, तुमी हवा खायले बसले."

मी वाकून डब्याला हात लावला. कोमट होता.

"अन् हा हिरवा?"

"तो मघा गव्हाचा होता जी मास्तर," काकू म्हणाल्या. "आता ज्वारी आणली, साऱ्यायचे गहू सरले की तिचा नंबर. डबा तोच, दळण दुसरं." मग बाकावरच्या बायांकडे वळल्या, "कॉलेजात शिकवतात बरं हे!"

हसणारे हसले. मला मात्र माझा इम्युलेटर आठवला. माझी पळवाट हेच तर करत होती! एक कोअर माथ्यावरचा तुकडा आणि त्याखालचा तुकडा बघून ठेवी. तेवढ्यात दुसरा दोन्ही उचले, खालचा वापरायला घेई आणि वरचा तेवढा परत ठेवी. पहिला येऊन बघे तर माथ्यावर तोच तुकडा. काही झालंच नाही, असं समजून तो खालच्या तुकड्याला रिकामा ठरवी, आणि तो तर दुसऱ्याच्या वापरात असे. पोरीचा प्रोग्रॅम बरोबर होता. तीन आठवडे बरोबर होता.

डबा घेऊन घरी आलो. बायको म्हणाली, "दळण आणाले गेलते का गहू पेराले?" मी सरळ लॅपटॉप उघडला आणि ती पळवाट काढून टाकली. आता कुणीही त्या जागेत काहीही लिहिलं, अगदी तोच आकडा परत लिहिला, तरी दुसऱ्याची खूण मोडायची. मग त्या विद्यार्थिनीला फोन लावला. ती पुसदलाच वसतिगृहात होती.

"तो भाग काढला का?"

"कालच काढला, सर. तुमीच म्हटलं."

"जुनी प्रत आहे ना?"

"आहे. काहून?"

"चूक इम्युलेटरमध्ये होती. माझी होती."

पलीकडून आवाज आला, "सर, हे डायरीत लिहून द्याल?"

दुपारी प्रयोगशाळेत तिने जुना प्रोग्रॅम नव्या इम्युलेटरवर सोडला. आम्ही संध्याकाळपर्यंत पडद्याकडे बघत बसलो. एकही तुकडा दोघांना गेला नाही. मी लाल पेन काढला. तिने निळा पुढे केला. मी लिहिलं, "मागील तिन्ही शेरे चुकीचे. दोष मार्गदर्शकाच्या इम्युलेटरमध्ये होता."

सोमवारी परीक्षकांनी डायरी चाळली, चौथ्या शेऱ्याशी थांबले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग तिला म्हणाले, "जुन्या-नव्या दोन्ही इम्युलेटरवर चालवून दाखवा." जुन्यावर तिचा प्रोग्रॅम कोसळला, नव्यावर धावत राहिला. माझी चूक तिने दहा मिनिटं समजावून सांगितली, माझ्यापेक्षा कितीतरी बरी. दोन कोअरसकट प्रोजेक्ट पास झाला.

पुढच्या आठवड्यात ती अहवालाची बांधलेली प्रत सहीसाठी घेऊन आली. चक्कीची गोष्ट तिला मीच सांगितली होती, तिथेही तोंड आवरलं नाही. "आलेल्या अडचणी" या पानावर तीन डब्यांची आकृती होती. पहिला हिरव्या पेन्सिलीने रंगवलेला, दुसरा कोरा. तिसऱ्याखाली लिहिलं होतं, "मार्गदर्शक".

मी सही केली.