घडीच्या भिंती

गोदीमागच्या त्या गल्लीत मिस्त्रींना पोरंटोरंसुद्धा ओळखत. पण सरकारी माणूस चौकशीला आला, की मिस्त्री नावाचं कोणी राहतं हे एकालाही माहीत नसे. एवढं प्रेम मिळवायला माणसाला काहीतरी बेकायदा करावं लागतं. मिस्त्री भिंती बनवत.

गल्लीतल्या इमारती बांधल्या होत्या एकट्याने राहणाऱ्या हमालांसाठी. एकेका खोलीत आठ-आठ जण पाळीपाळीने झोपत. एक उठला की त्याच्या ऊबदार अंथरुणावर दुसरा पडे. पुढे गोदीत यंत्रं आली, हमाल गेले आणि रिकाम्या खोल्यांत कुठून कुठून संसार येऊन पडले. कोणी शिंपी, कोणी इस्पितळातली आया, कोणी जहाजावरून कायमचा उतरलेला खलाशी. गल्लीत सात भाषा होत्या. बोलणं पुष्कळदा अडे, भांडण कधी अडलं नाही.

भाडं एका कुटुंबाच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि नियम म्हणे, एका खोलीत एकच कुटुंब. नियम करणाऱ्यांच्या घरात कुत्र्यालाही वेगळी खोली असते, त्यांना काय कळणार! मग लोक दोन कुटुंबं मिळून खोली घेत आणि मधे फळ्या ठोकत. तपासनीस येई, फळ्या उचकटून नेई, दुसऱ्या कुटुंबाला रस्त्यावर काढी.

यावर मिस्त्रींनी डोकं चालवलं. त्यांनी घडीची भिंत बनवली. पातळ प्लायवूडच्या फळ्या, मधे बिजागऱ्या, वर-खाली खाच. खिटी ओढली की भिंत दुमडून कपाटामागे जाई. भिंतीबरोबर दुसरं बिऱ्हाडही नाहीसं करावं लागे. दुसरी शेगडी खाटेखाली, दुसरं अंथरूण पहिल्यावर, आणि दुसऱ्या घरातली म्हातारी तेवढ्यापुरती पहिल्या घरात आलेली पाहुणी. कोपऱ्यावर मोजायची फीत घेतलेला माणूस दिसला, की मिस्त्री सांडपाण्याच्या लोखंडी पाइपवर हातोडा हाणत. साहेब धापा टाकत जिना चढेपर्यंत निम्मी गल्ली गायब! गेल्या वीस-बावीस वर्षांत एकही बिऱ्हाड पकडलं गेलं नाही. हे सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की हातोडा वाजला की आंधळी आजीसुद्धा बरोबर आपली उशी उचले.

त्यातली सगळ्यात देखणी भिंत मिस्त्रींच्या स्वतःच्या खोलीत होती. नवऱ्याने दुसरा घरोबा केल्यावर त्यांची मुलगी पोरीला घेऊन परत आली, तेव्हा त्यांनी ती केली. मुलीने एकच मागितलं होतं.

"आबा, आतून कडी लावता येईल असं दार करा. सासरी माझ्या खोलीला कडी नव्हती."

त्यांनी पितळेची कडी लावून दिली. दिवसभर ती धुलाईच्या कारखान्यात चादरी पिळी आणि संध्याकाळी त्या कडीआड जाऊन बसे. आपलं असं तिच्याजवळ तेवढंच होतं. आणि तेही बापाच्या खोलीत, बापाच्या मेहेरबानीवर. हे ती कधी बोलली नाही. मिस्त्रींना मात्र ते घासातल्या खड्यासारखं लागे.

मग एक दिवस अंगणात सभा झाली. इमारती पाडणार, पलीकडे नव्या बांधणार. मोजणीला माणसं येतील. ज्याची भिंत वेगळी, शेगडी वेगळी, त्याला वेगळं घर. भिंत विटांची असो की फळीची. लोकांनी तीन-तीनदा विचारून खात्री करून घेतली. ज्या भिंतींपायी जन्मभर जीव मुठीत धरला, त्यांनाच आता सरकार घर म्हणणार होतं! मुलीने त्या दिवशी घरी येऊन पोरीला विचारलं, "आपल्या दाराला रंग कोणता देऊ या?" ती हसत होती. मिस्त्रींनी तिला हसताना पाहून बरीच वर्षं झाली होती.

मोजणीवाले आले ते न सांगता, सकाळी, बायका कामावर गेल्यावर. मिस्त्री कोपऱ्यावर चहा पीत होते. त्यांना तीन माणसं दिसली. एकाच्या हातात फीत होती.

त्या क्षणी त्यांच्या मनात काय आलं, हे त्यांनी पुढे पुष्कळदा आठवून पाहिलं. काहीच आलं नव्हतं. हात मनाला विचारायला थांबलाच नाही. त्यांनी पेला ठेवला, हातोडा उचलला आणि पाइपवर घाव घातले.

आणि गल्लीनेही विचार केला नाही. वर-खाली खिट्या ओढल्या गेल्या, शेगड्या खाटेखाली सरकल्या. मिस्त्री धावत आपल्या खोलीत गेले. मुलीची भिंत त्यांनी स्वतःच्या हाताने दुमडली, तिच्या साड्या आपल्या धोतरांच्या घड्यांखाली दडपल्या.

साहेब आत आला, फीत लावली, फोटो काढला.

"एक खोली, एक कुटुंब," तो म्हणाला. "काका, ऐसपैस आहे हो तुमची खोली. नव्या घराची यापेक्षा मोठी अपेक्षा ठेवू नका बरं."

नव्या घराची. म्हणजे हे तपासनीस नव्हते, मोजणीवाले होते.

"साहेब, थांबा! इथे भिंत आहे. माझी मुलगी राहते पलीकडे." ते कपाटाकडे धावले. खिटी, खाच, बिजागरी. बघता बघता भिंत उभी राहिली, दारासकट, कडीसकट.

साहेब मनापासून हसला. "वा! असला कारागीर पाहिला नाही. पण काका, माझ्या डोळ्यांदेखत उभी केलीत की हो. हिला मी घर कसं म्हणू?"

"ही आधीपासून आहे! कोणालाही विचारा."

"यादीतलं नाव घेऊन मघाशी जिन्यात विचारलं. सगळे म्हणाले, इथे मिस्त्री नावाचं कोणी राहतच नाही."

पुढे अर्ज झाले, हातापाया पडणं झालं. फोटोपुढे कोणाचं काही चाललं नाही. निम्म्या गल्लीला घर मिळालं, निम्मी गल्ली कधी नव्हतीच असं ठरलं. समोरचा शिंपी दारात येऊन म्हणाला, "मिस्त्री, तुम्हाला काय बोलू? खिटी तर मीच ओढली." त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बाकीचे दिसले की मान वळवत.

मोजणीच्या दिवशी संध्याकाळी मुलगी कामावरून आली तेव्हा तिला रस्त्यातच सगळं कळलं होतं. मिस्त्री भिंतीशी उकिडवे बसून खाचेत खिळे ठोकत होते. भिंत आता कधीच दुमडणार नव्हती.

"असू दे, आबा," ती म्हणाली.

"नव्या घरात तुम्ही दोघी माझ्याजवळच. मी बाहेर व्हरांड्यात झोपेन. मला काय लागतं?"

ती आत गेली. पोरीला कुशीत घेऊन बसली, पण तिने दार लोटलं नाही. मिस्त्री वाट पाहत राहिले. रडेल, भांडेल, निदान एकदा विचारेल की आबा, असं कसं झालं तुमच्या हातून.

"एक सांगा," ती म्हणाली. "तो फोटो काढला, तेव्हा माझ्या साड्या कुठे ठेवल्या होत्या तुम्ही?"

मिस्त्री उठले आणि आपल्या धोतरांच्या घड्यांखालून तिच्या साड्या काढू लागले.